एका कामासाठी घेतलेला ठसा दुसऱ्याच कामाला: स्थलांतरितांवरील डिजिटल पाळत आणि त्यांचे हक्क

जॉर्डनमधील झातारी छावणीत २०१६ पासून सीरियन निर्वासितांना किराणा घेण्यासाठी नोटा किंवा कार्ड बाळगण्याची गरज उरली नाही. गल्ल्यापाशी बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्यासमोर डोळा धरायचा. बुबुळाची प्रतिमा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालयाकडील, म्हणजे यूएनएचसीआरकडील, नोंदीशी ताडली जाते, आणि ओळख पटली की जागतिक अन्न कार्यक्रमाने त्या कुटुंबासाठी ठेवलेल्या रकमेतून बिल वळते होते. कार्ड हरवण्याची भीती नाही, पिन लक्षात ठेवण्याची कटकट नाही, आणि एकाच्या नावावर दुसऱ्याने धान्य उचलण्याची शक्यताही कमी होते.

ही सोय खोटी नाही. प्रश्न वेगळाच आहे. छावणीतल्या एखाद्या बाईने ‘मला माझ्या डोळ्याची प्रतिमा द्यायची नाही’ असे सांगितले, तर त्या दिवशी तिच्या मुलांच्या जेवणाचे काय, याचे सरळ उत्तर या रचनेत मिळत नाही. नकार दिल्यावर उपाशी राहावे लागणार असेल, तर होकाराला फारसे मोल उरत नाही. माहितीच्या संरक्षणाचे जवळजवळ सगळे आधुनिक कायदे व्यक्तीच्या संमतीला मोठे महत्त्व देतात. मात्र सीमेवर, छावणीत, व्हिसाच्या खिडकीसमोर किंवा मालकाच्या दारात उभा असलेला माणूस मोकळेपणी नकार देण्याच्या स्थितीत क्वचितच असतो. म्हणून त्याचे रक्षण केवळ त्याच्या सहीवर सोपवून चालत नाही.

‘स्थलांतरित’ म्हणताना येथे आश्रय मागणारे, कामासाठी परदेशी गेलेले मजूर, विद्यार्थी, कागदपत्रांची मुदत संपलेले लोक आणि ज्यांना कोणताच देश आपले म्हणत नाही असे लोक, हे सर्व अभिप्रेत आहेत. त्यांच्यावरील पाळत म्हटली की डोळ्यांसमोर सीमेवरचे मनोरे, ड्रोन आणि कॅमेरे येतात. तेही आहेतच, पण खरा धोका त्याहून शांतपणे काम करतो. मदत, उपचार, शाळा, वाहन परवाना किंवा कर भरणे अशा एखाद्या साध्या कामासाठी दिलेली माहिती पुढे हद्दपारी किंवा संशय यांसाठी वापरली जाते, आणि देणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. कोणतीही नवी यंत्रणा समजून घेताना ती किती अचूक आहे हे विचारण्याआधी तिच्यातली माहिती कोणाकोणाच्या हाती जाऊ शकते, हे विचारलेले बरे.

रोहिंग्यांच्या बाबतीत काय घडले ते पाहिले की हे स्पष्ट होते. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. पुढच्या वर्षी बांगलादेश सरकार आणि यूएनएचसीआर यांनी संयुक्तपणे त्यांची नोंदणी सुरू केली. फोटो, बोटांचे ठसे आणि कुटुंबाचा तपशील दिल्यावर कार्ड मिळे आणि त्या कार्डावर मदत मिळे. ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेने जून २०२१ मध्ये असे उघड केले की बांगलादेशाने किमान ८ लाख ३० हजार निर्वासितांची नावे व अन्य तपशील परत पाठवणीच्या पडताळणीसाठी म्यानमार सरकारकडे, म्हणजे ज्या राजवटीच्या अत्याचारांपासून हे लोक पळाले होते तिच्याचकडे, दिले होते. आपण संमती घेतली होती आणि संमती न देणाऱ्यालाही मदत मिळणार होती, असे यूएनएचसीआरचे म्हणणे होते. मुलाखती दिलेल्या बहुतेक निर्वासितांचे म्हणणे मात्र असे होते की माहिती म्यानमारला जाईल हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. नोंदणीनंतर हाती पडलेल्या पावतीवर ‘माहिती म्यानमार सरकारला देण्यास हरकत नाही’ अशा आशयाचा एक चौकोन होता आणि त्यात आधीच खूण केलेली होती. पावती फक्त इंग्रजीत होती. संमती कागदावर कशी जमा होते आणि माणसापर्यंत कशी पोहोचत नाही, याचे याहून नेमके उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

केनियात हीच गोष्ट उलट्या दिशेने घडली. दुष्काळाच्या काळात तेथील सोमाली वंशाच्या अनेक केनियन नागरिकांनी धान्य मिळावे म्हणून मुलांसह निर्वासित म्हणून नावे नोंदवली. मुले मोठी झाली आणि ओळखपत्रासाठी गेली, तेव्हा त्यांचे ठसे निर्वासितांच्या नोंदींत सापडले. तुम्ही निर्वासित आहात, तेव्हा नागरिक नव्हे, असे सांगून त्यांना ओळखपत्र नाकारण्यात आले. ओळखपत्राशिवाय बँक खाते, नोकरी, प्रवास हे सारेच अडते. लहानपणी मिळालेल्या धान्याची किंमत त्यांना तरुणपणी अशी मोजावी लागली.

एका मर्यादित यंत्रणेची वाढ

युरोपीय संघातील युरोडॅक ही प्रणाली १५ जानेवारी २००३ रोजी सुरू झाली. तिचा उद्देश मर्यादित होता. एखाद्याने आश्रयासाठी अर्ज केला की त्याच्या बोटांचे ठसे मध्यवर्ती नोंदींशी ताडायचे आणि तो आधी कोणत्या देशात नोंदला गेला आहे ते शोधायचे, कारण अर्ज कोणत्या देशाने तपासायचा हे ठरवणाऱ्या डब्लिन नियमांनुसार अर्ज तपासण्याची जबाबदारी अनेकदा त्या पहिल्या देशावर येते. प्रत्यक्षात हे असे दिसते: ग्रीस किंवा इटलीत बोटीतून उतरलेला माणूस काचेच्या पट्टीवर बोटे ठेवतो, आणि काही महिन्यांनी जर्मनीत भावाकडे पोहोचून तेथे अर्ज करतो, तेव्हा पडद्यावर आधीची नोंद उमटते आणि त्याला माघारी पाठवण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. आपले ठसे जुळू नयेत म्हणून काहींनी बोटांची कातडी जाळून वा घासून काढल्याच्या घटना फ्रान्समधील कॅले येथे नोंदल्या गेल्या आहेत.

मूळ नियमांत ही प्रणाली गुन्हे तपासासाठी नव्हती. २०१३ च्या सुधारित नियमांनी दहशतवाद व गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलिसांना तिच्यात शोध घेण्याची वाट खुली केली. २०२४ मध्ये संमत झालेल्या स्थलांतर व आश्रयविषयक करारासोबत पुढचे पाऊल पडले. ठसे घेण्याचे किमान वय चौदावरून सहा वर्षांवर आले आणि ठशांबरोबर चेहऱ्याची प्रतिमाही नोंदवण्याचे ठरले. आश्रय मागणाऱ्याची नोंद दहा वर्षे राहू शकते. पहिलीतल्या वयाच्या मुलाची नोंद तो मिसरूड फुटण्याच्या वयाचा होईपर्यंत टिकते, असा याचा अर्थ.

त्याआधीच, २०१९ मध्ये, युरोपीय संघाने स्थलांतर, व्हिसा, सीमा आणि पोलीस यांच्या वेगवेगळ्या माहितीसाठ्यांना परस्परांशी जोडणारे नियम केले. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेली प्रवेश-निर्गमन प्रणाली अल्प मुदतीसाठी येणाऱ्या, युरोपीय संघाबाहेरील प्रवाशांचा चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवते. यातील प्रत्येक प्रणालीला स्वतंत्र कायदा आहे आणि प्रत्येकीचे समर्थन स्वतंत्रपणे करता येते. तरी सगळ्या जोडल्या की पर्यटक, आश्रयार्थी आणि संशयित गुन्हेगार यांच्या नोंदी एकाच शोधाच्या टप्प्यात येतात, आणि ‘परदेशी असणे’ व ‘संशयास्पद असणे’ यांतली रेघ पुसट होत जाते. हे कोणी एका बैठकीत ठरवले असते तर मोठा गदारोळ झाला असता. दर वेळी थोडे थोडे वाढत गेल्यामुळे तो झाला नाही.

फोन: साथी आणि साक्षीदार

घर सोडून निघालेल्या माणसाला फोन हा नकाशा, दुभाषी, बँक आणि घरच्यांचा आवाज असतो. म्हणूनच तो अधिकाऱ्यांनाही हवा असतो. जर्मनीने २०१७ मध्ये कायद्यात बदल करून, पासपोर्ट दाखवू न शकणाऱ्या आश्रयार्थींचे फोन तपासण्याचा अधिकार आपल्या स्थलांतर कार्यालयाला दिला. फोन केबलने यंत्राला जोडला जाई. कोणत्या देशांच्या क्रमांकांवर बोलणे झाले, संदेश कोणत्या भाषेत आहेत, फोटोंत कोणत्या ठिकाणांची नोंद आहे, यांची गणती करून अर्जदाराच्या सांगण्याशी ती जुळते का याचा अहवाल तयार होई. अर्जदार खोटे बोलल्याचे या तपासणीतून निष्पन्न झाले अशी प्रकरणे अगदी थोडी होती, आणि पुष्कळदा उपयोगाचे असे काहीच हाती लागले नाही. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या एका जर्मन संस्थेच्या पाठबळावर एका अफगाण महिलेने याला आव्हान दिले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये जर्मनीच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने असा निर्णय दिला की कमी खोलवर जाणारे उपाय उपलब्ध आहेत का हे न पाहता सुरुवातीलाच फोन उघडणे बेकायदा आहे. तिच्याकडे तिची अन्य कागदपत्रे होती, आणि आधी ती पाहता आली असती, इतकी साधी ही बाब होती.

ब्रिटनमध्ये २०२० साली छोट्या बोटींतून खाडी ओलांडून आलेल्यांचे फोन सरसकट काढून घेतले जात आणि त्यांच्याकडून पासकोडही मागून घेतले जात. मार्च २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने हे गुप्त आणि सरसकट धोरण बेकायदा ठरवले. फोन गेल्यामुळे घरच्यांना आपण जिवंत पोहोचलो हेही कळवता येत नव्हते, कारण नातेवाइकांचे क्रमांक कुणाला तोंडपाठ असतात?

ब्रिटनमध्येच जामिनावर असलेल्या स्थलांतरितांच्या घोट्याला जीपीएसचा पट्टा बांधून त्यांचे ठिकाण चोवीस तास नोंदवण्याचा प्रयोग झाला. तो सुमारे ६०० जणांवर होता. मार्च २०२४ मध्ये तेथील माहिती आयुक्तांनी गृह खात्याला ताकीद दिली, कारण इतकी माहिती गोळा करणे का आवश्यक आहे याचे पुरेसे मूल्यमापन खात्याने केलेच नव्हते. चोवीस तासांच्या या नोंदींतून माणूस कोणत्या दवाखान्यात, कोणत्या प्रार्थनास्थळी आणि कोणत्या वकिलाकडे जातो, हे सारे समोर येते. केवळ हजेरीसाठी एवढे लागत नाही.

अमेरिकेत अशा पट्ट्याची जागा अनेकांच्या बाबतीत स्मार्टलिंक नावाच्या ॲपने घेतली. हद्दपारीची कारवाई सुरू असलेल्यांना कोठडीबाहेर ठेवण्याच्या कार्यक्रमाचा तो भाग आहे. ठरलेल्या दिवशी फोनवर सूचना येते, ठरावीक अवधीत ॲप उघडून स्वतःचा फोटो काढून पाठवायचा असतो, ॲप तो चेहरा जुन्या प्रतिमेशी ताडते आणि त्या क्षणीचे ठिकाणही कळवते. रात्रपाळीहून आलेला माणूस झोपला, फोन बंद पडला किंवा अंधुक उजेडात चेहरा जुळला नाही, तर हजेरी चुकल्याचे स्पष्टीकरण देण्याची वेळ त्याच्यावर येते. कोठडीपेक्षा हे बरे, असा युक्तिवाद केला जातो, आणि कोठडी हाच एकमेव पर्याय असेल तर तो बरोबरही आहे. ज्यांना पूर्वी कोणीही कोठडीत टाकले नसते अशांनाही या जाळ्यात ओढले गेले, तर मात्र तो युक्तिवाद लंगडा पडतो. हा कार्यक्रम चालवणारी कंपनी खासगी तुरुंग चालवणाऱ्या जिओ ग्रुपच्याच मालकीची आहे, हेही नजरेआड करू नये.

विश्वासाने दिलेली माहिती

अमेरिकेतील काही राज्यांनी कागदपत्रे नसलेल्या रहिवाशांनाही वाहन चालवण्याचा परवाना मिळू दिला. रस्ते सुरक्षित व्हावेत, विमा काढला जावा, हा त्यामागचा हेतू होता. २०१९ मध्ये माहिती अधिकाराखाली मिळालेल्या कागदपत्रांतून कळले की युटा, व्हर्मॉन्ट आणि वॉशिंग्टन या राज्यांत, म्हणजे जेथे असे परवाने मिळत होते तेथेच, अमेरिकेच्या स्थलांतर अंमलबजावणी खात्याने परवान्यांवरील फोटोंमध्ये चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीने शोध घेण्याची विनंती केली होती. ज्यांनी परवाना काढलाच नाही ते या शोधात सापडण्याचा प्रश्न नव्हता. नियम पाळायला पुढे आलेलेच त्यात आले.

करांचेही तसेच. कागदपत्रांविना काम करणारे लाखो लोक अमेरिकेत १९९६ पासून उपलब्ध असलेल्या विशेष क्रमांकावर कर भरत आले, आणि ही माहिती गोपनीय राहील असे त्यांना वर्षानुवर्षे सांगितले गेले. एप्रिल २०२५ मध्ये कर खात्याने स्थलांतर अंमलबजावणीसाठी माहिती देण्याचा करार केला, आणि तो लगोलग न्यायालयीन वादात सापडला. त्याच काळात अमेरिकेच्या सीमा खात्याच्या सीबीपी वन या ॲपची कहाणीही उलटली. जानेवारी २०२३ पासून दक्षिण सीमेवर आश्रय मागण्यासाठी याच ॲपवर वेळ घ्यावी लागे, आणि सावळ्या व काळ्या वर्णाच्या लोकांचा फोटो ते स्वीकारत नाही अशा तक्रारी वारंवार येत. ॲपमार्फत ९ लाखांहून अधिक लोक रीतसर आत आले. २० जानेवारी २०२५ रोजी ती सोय बंद झाली, दिलेल्या वेळा रद्द झाल्या, ॲपमार्फत आत आलेल्यांना एप्रिलमध्ये देश सोडण्याच्या सूचना ई-मेलने धाडण्यात आल्या, आणि ॲपचेच रूपांतर स्वतःहून निघून जाण्याची नोंद करण्याच्या ॲपमध्ये झाले.

सरकारला काही माहिती स्वतः गोळा करण्याची मुभा नसते, पण ती बाजारातून विकत घेता येते. वीज, पाणी, फोन यांची नवी जोडणी घेताना दिलेला पत्ता व्यापारी माहितीसाठ्यांत जातो, आणि तेथून अंमलबजावणी खात्यांना पैसे मोजून पाहता येत असे. डिसेंबर २०२१ मध्ये सिनेटर रॉन वायडन यांच्या पाठपुराव्यानंतर अमेरिकेतील अशा ग्राहकसेवा कंपन्यांच्या एका संघटनेने ही विक्री थांबवण्याचे मान्य केले. घरात दिवा लावायचा की पत्ता लपवायचा, असा पेच कुणासमोर उभा राहू नये, एवढीच ती मागणी होती.

यंत्र चुकते तेव्हा

चेहरा ओळखणाऱ्या प्रणाली सर्वांच्या बाबतीत सारख्या चुकत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये चेहरे ताडणारे १८९ अल्गोरिदम, म्हणजे संगणकीय कार्यपद्धती, तपासले, तेव्हा एका माणसाला दुसराच समजण्याचे प्रमाण आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत गोऱ्या चेहऱ्यांच्या तुलनेत, प्रणालीनुसार, १० ते १०० पट असल्याचे आढळले. नंतरच्या प्रणाली सुधारल्या आहेत. तरीही चूक झाली तर ती दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न उरतोच. नागरिकाला चुकीचा दंड आला तर तो तक्रार करतो. हद्दपारीच्या विमानात बसवलेल्या माणसाला ती सवड मिळत नाही.

काही साधनांमागे तर विज्ञानाचा आधारच डळमळीत असतो. युरोपीय संघाच्या पैशातून २०१६ ते २०१९ या काळात आयबॉर्डरकंट्रोल नावाचा प्रकल्प राबवला गेला. पडद्यावरचा कृत्रिम अधिकारी प्रवाशाला प्रश्न विचारणार आणि चेहऱ्यावरील सूक्ष्म हालचालींवरून तो खोटे बोलतो का हे ठरवणार, अशी ती कल्पना होती. हंगेरी, ग्रीस आणि लॅटव्हिया येथे तिची चाचणी झाली. थकलेला, घाबरलेला, परक्या भाषेत उत्तर देणारा माणूस चेहऱ्याची कशी हालचाल करेल, आणि तिचा खरेखोटेपणाशी काय संबंध, याचा विचार केला तर हा प्रयोग यंत्राने पाहिलेल्या हस्तरेषांच्या जवळ जातो. ब्रिटनचे गृह खाते व्हिसा अर्जांची लाल, पिवळा आणि हिरवा अशी वर्गवारी करणारे अल्गोरिदम वापरत असे, आणि त्यात अर्जदाराचे राष्ट्रीयत्व विचारात घेतले जाई. लाल शेऱ्याच्या अर्जाची छाननी कडक होई, अधिक अर्ज फेटाळले जात, आणि फेटाळलेल्या अर्जांचे प्रमाण पाहून त्या देशाचा शेरा लालच राही. हे दुष्टचक्र न्यायालयात मांडले गेल्यावर ऑगस्ट २०२० मध्ये खात्याने निकालाची वाट न पाहता ते वापरणे थांबवले.

युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. स्थलांतर व सीमा यांसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक प्रणालींना तो ‘उच्च जोखमीच्या’ म्हणतो आणि त्यांच्यावर काही बंधने घालतो. पण भावना ओळखणाऱ्या साधनांवर त्याने घातलेली बंदी कामाची ठिकाणे आणि शाळा यांपुरती आहे. सीमेवर ती लागू नाही. उच्च जोखमीच्या प्रणालींची नोंद सार्वजनिक यादीत करावी लागते, मात्र पोलीस आणि स्थलांतर खात्यांच्या प्रणालींची नोंद लोकांना न दिसणाऱ्या भागात होते. शाळेतल्या मुलाच्या चेहऱ्यावरची भावना मोजणे गैर आणि आश्रय मागणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरची मोजणे चालेल, यामागे ज्यांना कमी पात्र मानले त्यांना संरक्षणही कमी द्यावे यापलीकडे कोणते तर्कशास्त्र आहे, हे मला समजलेले नाही.

हक्क कागदावर आहेत, आणि कागद निरुपयोगी नसतो

सीमेवर येणाऱ्याची ओळख पटवण्याचा अधिकार राज्याला आहे, याबद्दल वाद नाही. वाद मर्यादेचा आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम १७ खासगी आयुष्यातील मनमानी हस्तक्षेपापासून संरक्षण देते, आणि ते ‘नागरिका’ला नव्हे तर प्रत्येक व्यक्तीला देते. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांविषयीचा १९९० चा संयुक्त राष्ट्रांचा करार, जो २००३ मध्ये अमलात आला, कलम १४ मध्ये हेच संरक्षण कामगार व त्यांच्या कुटुंबीयांना देतो आणि कलम २१ मध्ये, कायद्याने अधिकृत केलेल्या सरकारी अधिकाऱ्याखेरीज कोणीही त्यांची ओळखपत्रे जप्त करणे बेकायदा ठरवतो. मजुराचा पासपोर्ट कपाटात ठेवून घेणारा मालक आज त्याचा फोन व त्याचे खातेही आपल्या ताब्यात ठेवू पाहतो, तेव्हा ही तरतूद जुनी वाटत नाही. श्रीमंत, कामगार आयात करणाऱ्या देशांपैकी बहुतेकांनी या करारावर सहीच केलेली नाही, ही त्याची दुबळी बाजू.

हस्तक्षेप न्याय्य आहे का हे तपासण्यासाठी न्यायालये साधारणपणे तीन गोष्टी पाहतात: त्याला स्पष्ट कायद्याचा आधार आहे का, तो खरोखर आवश्यक आहे का, आणि साध्य होणाऱ्या हेतूच्या मानाने तो अवाजवी तर नाही ना. वर आलेले जर्मन व ब्रिटिश निर्णय याच कसोटीवर उभे आहेत. ग्रीसमध्येही तसेच घडले. बेटांवरील छावण्यांत बसवलेल्या हायपेरिऑन आणि सेंटॉर या प्रवेश व पाळत प्रणालींबाबत लोकांच्या खासगीपणावर काय परिणाम होईल याचे आवश्यक ते मूल्यमापन नीट न केल्याबद्दल तेथील माहिती संरक्षण प्राधिकरणाने एप्रिल २०२४ मध्ये स्थलांतर मंत्रालयाला १ लाख ७५ हजार युरोंचा दंड ठोठावला.

कधी कधी कायदाच स्थलांतरितांना वगळतो. ब्रिटनच्या २०१८ च्या माहिती संरक्षण कायद्यात अशी सूट होती की ‘स्थलांतर नियंत्रणाला’ बाधा येत असेल, तर आपल्याविषयीची माहिती पाहण्याचा व्यक्तीचा हक्क बाजूला ठेवता येईल. अर्ज का फेटाळला हे कळण्यासाठी जी नोंद पाहायची, तीच दाखवायची नाही, असा त्याचा परिणाम. मे २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ही सूट कायद्याला धरून नसल्याचे ठरवले. सरकारने ती डागडुजी करून परत आणली, तेव्हा तीही अपुरी ठरली.

सर्वांत परिणामकारक उपाय मात्र माझ्या मते सेवा आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये कायद्याची पक्की भिंत उभारण्याचा आहे. दवाखाना, शाळा, कामगार निरीक्षक, कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार घेणारा पोलीस यांनी माणसाचा व्हिसा पाहू नये, आणि पाहिला तरी तो पुढे पाठवू नये. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेची माहिती गृह खात्याला देणारा करार २०१७ मध्ये लागू झाला होता. आजारी माणसे दवाखान्यात यायला घाबरतील, असे सांगत डॉक्टर व संस्थांनी विरोध केला आणि २०१८ मध्ये तो मागे घ्यावा लागला. शाळांतून मुलांचे राष्ट्रीयत्व व जन्मस्थान विचारण्याची पद्धतही तेथे २०१६ मध्ये सुरू होऊन, पालकांच्या बहिष्कारानंतर, २०१८ मध्ये बंद पडली. जर्मनीत सार्वजनिक कार्यालयांवर कागदपत्रे नसलेल्यांची खबर देण्याचे बंधन आहे, पण २०११ पासून शाळांना त्यातून वगळले आहे. या तिन्ही बदलांसाठी कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाची गरज पडली नाही.

माणसाने स्वतः काय करावे

यंत्रणेचा दोष व्यक्तीच्या खबरदारीने भरून निघत नाही, तरी काही गोष्टी हाताशी असाव्यात. चेहरा किंवा बोट दाखवून फोन उघडण्याऐवजी लांब पासकोड ठेवावा, कारण बोट धरून काचेवर टेकवता येते, मनातला आकडा तसा काढून घेता येत नाही. अपडेट टाळू नयेत. लोकेशनची परवानगी ज्या ॲपला खरोखर लागते त्यालाच द्यावी. नातेवाइकांचे आणि वकिलांचे क्रमांक कागदावरही लिहून ठेवावेत. आपल्या गटातील इतरांचे फोटो, पत्ते आणि प्रवासाचे तपशील सार्वजनिक ठिकाणी टाकू नयेत. स्वतःविषयी जपून राहणारी माणसे दुसऱ्यांविषयी अनेकदा सैल असतात.

फोन पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो घाईने मानू नये. धमकीचे संदेश, जखमांचे फोटो, प्रवासातील पावत्या हे आश्रयाच्या अर्जाचे पुरावे असू शकतात, आणि तपासणीच्या तोंडावर रिकामा केलेला फोन संशय वाढवतो. पुराव्याची प्रत विश्वासू व्यक्तीकडे आधीच ठेवावी आणि बाकीचे वकिलाला विचारून करावे. युरोपात आपल्याविषयी कोणती माहिती साठवली आहे हे विनामूल्य विचारता येते, उत्तर साधारणपणे एका महिन्यात द्यावे लागते आणि चुकीची नोंद दुरुस्त करून मागता येते. हा हक्क युरोडॅकमधील नोंदींनाही लागू आहे. नाव, जन्मतारीख किंवा देश चुकीचा नोंदला जाणे ही नित्याची बाब असल्याने ही चौकशी वाया जात नाही.

मदत करणाऱ्या संस्थांची जबाबदारी याहून मोठी आहे, आणि तिच्याबद्दल कमी बोलले जाते. जानेवारी २०२२ मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचे उघड झाले, तेव्हा ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती उघड्यावर आली. युद्ध, आपत्ती आणि स्थलांतर यांत ताटातूट झालेल्यांना त्यांच्या माणसांशी जोडून देण्यासाठी ती जमवलेली होती. जगातील सर्वांत अनुभवी मदतसंस्थेला हे टळले नाही, तर स्वयंसेवकांनी चालवलेल्या छोट्या केंद्राच्या संगणकावरील खुल्या तक्त्याचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको. अशा केंद्राने अर्ज छापताना प्रत्येक रकान्यापुढे ही माहिती नसेल तर कोणते काम अडेल, असे विचारावे. काम अडत नसेल तर तो रकाना काढावा. जेवण किंवा ब्लँकेट देण्यासाठी व्हिसाची स्थिती लागत नाही, भाषेच्या वर्गासाठी मूळ गाव लागत नाही. काम संपल्यावर नोंदी कोणत्या तारखेला नष्ट होतील ते आधीच लिहून ठेवावे, तो मजकूर लोकांच्या भाषेत वाचून दाखवावा, आणि पोलीस किंवा अन्य खात्याने यादी मागितली तर ती कोण देणार, कोणत्या आदेशावर देणार आणि तत्पूर्वी कोणत्या वकिलाला फोन करणार, हे दारावर कोणी येण्याआधी ठरवून ठेवावे.